दंश झाल्यावर साप विषारी होता का हे ठरवण्यात वेळ घालवू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसाळ्यातल्या एका रात्री जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या आपल्या भावाला काहीतरी टोचल्यासारखे वाटून जाग आली. दिवा लावल्यावर भिंतीच्या कडेने सरकणारा एक काळसर साप दिसला. परंतु अंगावर दातांच्या खुणा नव्हत्या आणि वेदनाही नव्हती, म्हणून घरच्यांनी सकाळपर्यंत वाट पाहायचे ठरवले. भावाला काही झाले नाही. आता आपल्याला हे जाणून घ्यायचे आहे की, साप विषारी आहे की बिनविषारी हे घरच्या घरी खात्रीने कसे ओळखावे, म्हणजे दर वेळी रुग्णालयात धाव घ्यावी लागणार नाही, आणि घरात साप निघालाच तर काय करावे.

मी ग्रामीण भागातील रुग्णालयात अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आलो आहे, आणि हा प्रश्न ज्या रूपात विचारला गेला आहे त्या रूपात त्याचे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. आपल्याला साप ओळखण्याची कसोटी हवी आहे, कारण रुग्णालयात जायचे की नाही हा निर्णय आपण त्या ओळखीवर सोपवला आहे. खरी अडचण तिथेच आहे. दंश झाला असेल, किंवा झाल्याची नुसती शंका असेल, तरी रुग्णालयात जायचेच हा निर्णय आधीच घेऊन ठेवावा आणि सापाची ओळख त्यातून पूर्णपणे वगळावी. त्या रात्री आपल्या घरी जे घडले त्याचा शेवट चांगला झाला, पण तसेच दिसणाऱ्या आणि तशाच रीतीने वाट पाहिलेल्या रात्रींचा शेवट वाईट झालेलाही मी पाहिला आहे, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितो.

ओळखीवर विसंबू नये असे मी म्हणतो त्याला कारणे आहेत. घरात शिरणारा बिनविषारी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार हे दोन साप अंधारात, घाईत आणि घाबरलेल्या नजरेला जवळजवळ सारखेच दिसतात. मण्याराच्या अंगावरचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोड्या अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात आणि कवड्याचे पट्टे पुढच्या भागात ठळक असून शेपटीकडे पुसट होतात, हा फरक खरा आहे. पण तो निवांतपणे, उजेडात पाहणाऱ्याला कळणारा फरक आहे. विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते हा समजही धोक्याचा आहे, कारण नाग आणि मण्यार यांचे डोके त्रिकोणी नसते आणि काही बिनविषारी साप भेदरले की डोके चपटे करून त्रिकोणी भासवतात. दातांच्या दोन खुणा म्हणजे विषारी आणि अनेक खुणा म्हणजे बिनविषारी, हा नियमही प्रत्यक्षात टिकत नाही. एकच खूण, नुसता ओरखडा किंवा काहीच न दिसणे, असे सर्व प्रकार विषारी दंशातही आढळतात. सापाच्या आकारावरून धीर धरणेही चुकीचे आहे, कारण पिल्लूही जन्मापासून विषारी असते. याउलट, विषारी सापाने चावूनही विष सोडले नाही असेही अनेकदा घडते. म्हणजे साप अचूक ओळखला तरी आपल्या रुग्णाच्या शरीरात विष गेले आहे की नाही हे कळत नाही. ते फक्त लक्षणांवरून आणि तपासणीवरून कळते, आणि त्यासाठी रुग्ण देखरेखीखाली असावा लागतो.

भारतात माणसांचे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशाने होतात. आपण वर्णन केलेल्या प्रसंगात मला सर्वांत जास्त काळजी मण्याराची वाटते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मण्यार रात्री हिंडतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. त्याचे दात बारीक असल्यामुळे दंश अनेकदा जाणवतही नाही. सूज येत नाही, खूण दिसत नाही, आणि माणूस मुंगी किंवा डास चावला असेल असे समजून पुन्हा झोपतो. काही तासांनी, बहुधा पहाटे, पोटात दुखू लागते, ओकारी होते, घसा दुखल्यासारखा वाटतो. पुष्कळदा या टप्प्यावर पित्ताचा त्रास समजून घरगुती औषध दिले जाते आणि बहुमोल वेळ निघून जातो. त्यानंतर पापण्या जड होतात, एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागतात, थुंकी गिळता येत नाही, शब्द जड येतात, मान सावरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेली धडधाकट व्यक्ती पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठली, तर साप कोणीही पाहिलेला नसला तरी आम्ही मण्याराचा दंश गृहीत धरूनच पुढे जातो. म्हणूनच वेदना नाही, सूज नाही आणि खूण नाही, ही तीन कारणे मिळून घरी थांबण्याचे समर्थन कधीच होऊ शकत नाहीत.

नागाच्या विषानेही असाच पक्षाघात होतो, पण तो लवकर दिसू लागतो आणि दंशाच्या जागी सहसा वेदना, सूज व पुढे कातडी मरणे हेही होते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे हिरड्यांतून, लघवीतून किंवा जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. घोणसाच्या दंशात सूज झपाट्याने वर चढते आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा मोठा धोका असतो, त्यामुळे लघवी कमी होणे किंवा तिचा रंग गडद होणे ही गोष्ट डॉक्टरांना लगेच सांगावी. फुरसे आकाराने लहान असल्यामुळे लोक त्याला कमी लेखतात, पण त्याच्या दंशानंतर रक्तस्राव कित्येक दिवसांनीही उद्भवू शकतो.

दंश झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे ते आता सांगतो. सर्वांत आधी सापापासून दूर व्हावे, कारण तोच साप दुसऱ्यांदा किंवा मदतीला आलेल्या माणसाला चावू शकतो. रुग्णाला खाली बसवावे किंवा आडवे करावे, आणि वेळेत पोहोचल्यास उपचार उपलब्ध आहेत हे त्याला शांतपणे सांगावे. हा नुसता दिलासा नाही, ते सत्य आहे. विष प्रामुख्याने लसीका वाहिन्यांतून, म्हणजे ऊतींमधला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पसरते आणि स्नायूंची हालचाल झाली की त्या वाहिन्यांतला प्रवाह वाढतो, म्हणून रुग्णाने चालू नये, पळू नये. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतो तसा काठीच्या किंवा पुठ्ठ्याच्या आधाराने, सैल पट्टीने स्थिर करावा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी आणि घट्ट बूट लगेच काढावेत, कारण सूज चढल्यावर हेच दागिने रक्तप्रवाह अडवतात. सूज असेल तर तिच्या वरच्या कडेवर पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. ही साधी रेघ आम्हाला फार उपयोगी पडते. दंशाची वेळ आणि त्यानंतर लक्षणे कोणत्या क्रमाने आली हेही लक्षात ठेवावे.

काय करू नये हे सांगताना कारणेही देतो, कारण नुसती मनाई ऐन वेळी पाळली जात नाही. जखम कापल्याने विष बाहेर येत नाही; घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त आधीच गोठत नसते आणि आपण केलेला काप वाहतच राहतो. तोंडाने विष ओढून घेण्याने, बर्फ लावण्याने, विजेचा झटका देण्याने किंवा झाडपाला चोळण्याने कोणताही लाभ होत नाही. दोरीने आवळून बांधण्याची पद्धत सर्वाधिक रूढ आहे आणि सर्वाधिक अवयव तिच्यामुळेच धोक्यात येतात, कारण रक्तपुरवठा थांबतो आणि ऊती नष्ट करणारे विष एका जागी साठते. ऑस्ट्रेलियात संपूर्ण अवयवाला लवचिक पट्टी दाबून गुंडाळण्याची पद्धत शिकवली जाते, याचा उल्लेख अनेक जण करतात. ती तिथल्या सापांना अनुसरून आहे आणि तीही सरावाने शिकावी लागते. आपल्याकडे घोणस व फुरसे यांच्या दंशात अशा दाबामुळे स्थानिक इजा वाढू शकते, आणि चावलेला साप कोणता हे सहसा माहीत नसते, म्हणून सर्वसामान्य माणसाला मी ती सुचवत नाही. कोणी आधीच दोरी घट्ट बांधलेली असेल तर मात्र ती वाटेत झटक्यात सोडू नये. अडवलेले विष एकदम शरीरात जाऊन रक्तदाब कोसळू शकतो किंवा श्वास थांबू शकतो, म्हणून विनाविलंब रुग्णालयात पोहोचून डॉक्टरांच्या समोर ती सोडवावी.

दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची इजा वाढू शकते. जवळच्या लहान दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी परतणे, हाही घातक विलंबाचा एक प्रकार आहे. रक्त गोठते आहे याची खात्री होईपर्यंत स्नायूत इंजेक्शन टोचणेच टाळायचे असते. मांत्रिकाकडे नेल्यावर बरे झालेले रुग्ण लोक आवर्जून सांगतात. ते बरे झाले हे खरे असते, परंतु बिनविषारी दंश आणि विष न सोडलेले दंश मिळून इतके असतात की काहीही न करताही ते बरेच झाले असते. ज्यांच्या शरीरात विष गेलेले असते त्यांचे तास मात्र तिथे खर्च होतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला आहे, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाल्याचे दिसले होते. माझा अनुभव या आकड्यांशी जुळतो. जे रुग्ण आमच्यापर्यंत वेळेत पोहोचतात त्यांच्यापैकी बहुतेकांना आम्ही वाचवू शकतो.

थोडक्यात, इथपर्यंतचे सांगणे असे की सापापासून दूर व्हावे, रुग्णाला स्थिर ठेवावे, दागिने काढावेत, वेळ नोंदवावी आणि निघावे.

प्रवासाविषयी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका लवकर येणार असेल तर ती उत्तम, कारण तिच्यात प्राणवायू आणि प्रशिक्षित माणूस असतो. ती यायला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दुचाकीच असेल तर चालवणारा आणि मागे धरून बसणारा यांच्या मधोमध रुग्णाला बसवावे आणि त्याला स्वतःला कधीही चालवू देऊ नये. रुग्णाला ओकारी येत असेल किंवा गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवावे, आणि गिळायला त्रास होत असल्यास पाण्याचा घोटही देऊ नये. वाटेत दर काही मिनिटांनी त्याला डोके न हलवता वर पाहायला सांगावे आणि एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला सांगावेत. आधी पंचवीसपर्यंत मोजणारा माणूस दहाशी थांबू लागला तर श्वासाचे स्नायू दुबळे होत आहेत हे कळते, आणि ही नोंद पोहोचताच पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगावी.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे की थेट दूरच्या मोठ्या रुग्णालयात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मोठे रुग्णालय अर्ध्या तासाच्या आत असेल आणि रुग्णाला लक्षणे नसतील, तर थेट तिथे जाणे मला बरे वाटते. अंतर त्याहून अधिक असेल किंवा लक्षणे सुरू झाली असतील, तर प्रतिविष, म्हणजे लोक ज्याला सापाची लस म्हणतात ते औषध, उपलब्ध असलेल्या सर्वांत जवळच्या केंद्रात आधी थांबावे, कारण तिथे पहिली मात्रा देता येते, शिरेत सुई लावता येते आणि श्वास मंदावला तर पुढच्या प्रवासात हाताने फुग्याद्वारे श्वास देत नेता येते. तिथे प्रतिविष आहे का हे निघताना दूरध्वनी करून विचारावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर नातेवाईकांची सर्वांत मोठी तक्रार असते की, लस लगेच का देत नाही. प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते आणि त्याची स्वतःची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून विषबाधेची लक्षणे असतील तेव्हाच ते दिले जाते आणि ती अ‍ॅलर्जी आवरणारे अ‍ॅड्रेनॅलिन भरून तयार ठेवूनच सुरू केले जाते. लक्षणे नसतील तर आम्ही कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतो आणि मग तिरकी करून पाहतो. रक्त पातळच राहिले असेल तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा परिणाम झाला आहे असे धरून उपचार सुरू होतात. ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते आणि काहीही लक्षण नसले तरी रुग्णाला किमान चोवीस तास ठेवून घ्यावे लागते. त्या वेळी घरी सोडण्याचा आग्रह कृपया करू नये. साप मारून आणण्याचीही गरज नाही, कारण भारतात वापरले जाणारे प्रतिविष या चारही सापांसाठी एकत्रच बनवलेले असते, आणि मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेदेखील काही काळ चावू शकते. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर छायाचित्र सहज मिळाले तर आणावे, अन्यथा त्यासाठी एक क्षणही थांबू नये. मात्र सह्याद्रीतल्या चापड्यासारख्या सापांच्या विषाविरुद्ध हे प्रतिविष बनवलेले नाही, त्यामुळे छायाचित्र असल्यास त्याचा अशा वेळी उपयोग होतो.

प्रतिविषाची सुरुवातीची मात्रा सहसा आठ ते दहा कुप्यांची असते आणि लहान मुलांनाही तेवढीच दिली जाते, कारण सापाने सोडलेले विष माणसाचे वय पाहून कमी होत नाही. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. मण्याराच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना आधीच केलेली इजा मात्र ते भरून काढत नाही, ती शरीरालाच सावकाश दुरुस्त करावी लागते. उशीर इतका महाग का पडतो याचे कारण हे आहे. अशा रुग्णाला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागू शकते. या अवस्थेत त्याला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, कधी बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत आणि तो गेला असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो आणि आजूबाजूचे बोलणे ऐकत असू शकतो. असे रुग्ण पुढे पूर्ण बरे होऊन चालत घरी गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून केवळ बाहुल्या पाहून आशा सोडू नये, त्याच्या उशाशी उभे राहून निराशेचे बोलू नये, आणि वाटेत श्वास थांबला तरी कृत्रिम श्वास देत राहून रुग्णालय गाठावे.

आता घरात निघालेल्या सापाविषयी. सापाला आपल्यावर हल्ला करायचा नसतो; तो उंदरामागे किंवा कोरड्या आडोशासाठी आलेला असतो, आणि बरेच दंश त्याला मारायला, पकडायला किंवा हुसकावायला गेल्यानेच होतात. मुलांना व पाळीव जनावरांना बाहेर काढावे, किमान दोन-तीन मीटर अंतर ठेवावे, घराच्या इतर खोल्यांकडे जाणाऱ्या दारांच्या फटी कापडाने बंद कराव्यात आणि बाहेरचे दार उघडे ठेवावे. एकाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी, कारण नजरेआड झालेला साप शोधणे हे सर्वांत जोखमीचे काम असते, आणि दुसऱ्याने वनविभागाला किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला कळवावे. वाट मोकळी मिळाली तर बहुतेक साप स्वतःच निघून जातात. वाटेत प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा सलग फुत्कार ऐकू आला तर तो बहुधा घोणस असतो. तिथेच थांबून, तो कुठे आहे हे पाहून, मग हळूहळू मागे सरावे.

घराभोवती फिनाइल, गंधक किंवा मीठ टाकून साप येणे थांबत नाही. उपयोग होतो तो भिंतीला लागून असलेला लाकडांचा, विटांचा किंवा कचऱ्याचा ढीग हलवल्याने, उंदरांची बिळे बुजवल्याने, रात्री बॅटरी घेऊन व पाय झाकणारे बूट घालून चालल्याने, आणि बूट घालण्यापूर्वी ते झटकून पाहिल्याने. आपल्या घरासाठी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी मच्छरदाणी निवडेन. खाटेवर झोपावे, आणि जमिनीवरच झोपणे भाग असेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चहूबाजूंनी नीट खोचून झोपावे. मण्याराचा दंश टाळण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

शेवटी, कोणाला प्रतिविष दिले गेले असेल तर घरी आल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पित्ताच्या गांधी असा त्रास होऊ शकतो. तो औषधांनी आटोक्यात येतो, पण त्यासाठी त्याच रुग्णालयात परत जावे आणि प्रतिविष दिल्याचा कागद सोबत न्यावा. आपल्या भावाच्या बाबतीत आता तपासणीची गरज नाही. आपल्याला सर्वांत जवळचे प्रतिविष कोणत्या केंद्रात असते आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे, ही दोन नावे आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक मात्र याच आठवड्यात चौकशी करून दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.